टॅबलेट आधी की दाखल नोंदवही आधी? गावच्या वाचनालयाविषयी चर्चा

डिचोलीकर सभासद (चर्चाप्रस्ताव):

आमच्या वाचनालयाला एका हितचिंतकाने आधुनिकीकरणासाठी देणगी देऊ केली असून, तिच्यातून सहा टॅबलेट आणि एखाद्या ई-पुस्तक सेवेची वार्षिक वर्गणी घ्यावी, असे समितीत जवळपास ठरलेले आहे. मी त्याच समितीत आहे आणि माझा याला विरोध आहे.

कारण साधे आहे. आमच्याकडे काय आहे, हे आमचे आम्हालाच ठाऊक नाही. आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमाने नोंद ठेवणाऱ्या पाच जाड दाखल नोंदवह्या आहेत, त्यांतील तिसरीची पहिली काही पाने पावसाच्या ओलीने एकमेकांना चिकटली आहेत, आणि पुस्तक नेमके कुठे आहे हे केवळ एका कर्मचाऱ्याच्या स्मरणात आहे. तो चतुर्थीला आठ दिवस गावी गेला, तेव्हा वाळपईहून बस बदलत आलेले एक गृहस्थ जुन्या मासिकाचे बांधीव खंड न मिळाल्याने रिकाम्या हाताने परतले. खंड माळ्यावरच होते. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी 1931 साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांपैकी चौथे. आजचा वाचक घराबाहेर पडण्याआधी, पुस्तक आहे का आणि आत्ता जागेवर आहे का, हे फोनवर पाहू इच्छितो. त्याची ही अपेक्षा पूर्ण करण्यासाठी टॅबलेट लागत नाही, संगणकावर चढवलेली नोंदवही लागते.

ई-पुस्तकांच्या बाबतीत तर वाचनालय मालक नसते, भाडेकरू असते. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने 2011 मध्ये ग्रंथालयांना घातलेली अट आठवावी: एक ई-पुस्तक 26 वेळा दिले गेले की परवाना संपला, पुन्हा विकत घ्या. आमच्याकडची कित्येक पुस्तके दोनदा बांधणी बदलून आजही देवघेवीत आहेत. वर्गणी थांबली की रिकामे होणारे कपाट आम्ही का विकत घ्यावे?

अभ्यासिकेतली विद्यार्थिनी, मडगाव:

आपला प्रस्ताव वाचून पडलेला पहिला प्रश्न असा की, ही यादी कुणासाठी? माझ्यासारखी मुले सकाळी वाचनालय उघडताच येऊन बसतात, स्वतःची पुस्तके, स्वतःच्या वह्या आणि स्वतःचा फोन घेऊन, आणि संध्याकाळी दिवे मालवेपर्यंत उठत नाहीत. कपाटाला आमचा हात क्वचितच लागतो. यावर ज्येष्ठ सभासद नाराज असतात, हे मला माहीत आहे; परंतु वाचनकक्ष भरलेला दिसतो तो आमच्यामुळे. आम्हाला हवे आहे ते म्हणजे अखंड वीज, चार प्लग, चालणारे इंटरनेट, अर्ज भरून त्याची छापील प्रत काढण्याची सोय, आणि भावंडे व टीव्ही असलेल्या घरात न मिळणारी शांतता. सहा टॅबलेट नकोत, हे मला मान्य आहे. त्यांच्या जागी जुन्या कादंबऱ्यांची संगणकीय यादी हवी, हे मात्र मला मान्य नाही. जे पुस्तक कुणी मागतच नाही, ते कुठल्या कपाटात आहे हे कळून कुणाचा वेळ वाचणार?

निवृत्त ग्रंथपाल, फोंडा:

बाई, कुणी मागत नाही याचे एक कारण ते आहे हेच कुणाला कळत नाही, असेही असू शकते. तरीही डिचोलीच्या सभासदांनी हे काम जितके सोपे मानले आहे, तितके ते नाही.

सॉफ्टवेअरचा खर्च नाही, हे खरे. राष्ट्रीय सूचनाविज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय प्रणाली आहे. कोहा आहे, जी न्यूझीलंडच्या एका लहानशा ग्रंथालय संस्थेने, आपली जुनी संगणकप्रणाली सन 2000 ओलांडणार नाही या चिंतेने, 1999 साली तयार करवून घेतली आणि नंतर सर्वांसाठी मोफत खुली केली. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. पण भेट मिळालेल्या गाईलाही चारा लागतो. मी स्वतः नोंदी चढवल्या आहेत, म्हणून सांगतो: एकच लेखक एका ठिकाणी आडनाव आधी, दुसऱ्या ठिकाणी नाव आधी, तिसऱ्या ठिकाणी नुसती आद्याक्षरे आणि चौथ्या ठिकाणी टोपणनावाने नोंदला गेला, की यंत्राच्या लेखी ते चार लेखक होतात. त्यात कुणी रोमन लिपीत टंकले, तर पाचवा. हे नियम ठरवणारा आणि पाळणारा पगारी माणूस नसेल, तर आपल्या पाच नोंदवह्यांचा गोंधळ जसाच्या तसा पडद्यावर जाईल, एवढेच.

आणि यादी चढली म्हणून नोंदवह्या रद्दीत देऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला, तेव्हा तिची ऑनलाइन ग्रंथसूची जानेवारी 2024 च्या मध्यापर्यंत बंद होती. पुस्तके इमारतीतच होती. ती शोधण्याची वाट तेवढी तुटली होती. तिथे हे घडते, तर आपली सगळी यादी ज्या एका संगणकात असेल, त्याच्यावर मृगाच्या पावसात वीज पडायला कितीसा वेळ लागणार?

नाटकवाला, सत्तरी:

वरच्या तिन्ही मतांत खरा ठेवा बाजूलाच राहिला आहे. बाजारात मिळणारी पुस्तके उद्याही मिळतील. आमच्या वाचनालयाच्या लोखंडी पेटीत जत्रेला आणि उत्सवाला झालेल्या मराठी नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत, आणि त्या जगात दुसरीकडे कुठेही नाहीत. एका वहीत संवाद जांभळ्या शाईत आहेत, तर समासात प्रॉम्प्टरने पेन्सिलीने ‘इथे पेटी थांबेल’, ‘पडदा सावकाश’ अशा खुणा केल्या आहेत. शेवटच्या पानावर कोणी कोणती भूमिका केली ते आहे, स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांच्या नावांसकट, आणि खाली गॅसबत्त्यांच्या भाड्याचा हिशेब. दुसऱ्या अंकाची पाने कसरीने चाळणीसारखी केली आहेत. तुम्ही आडनाव आधी की नाव आधी यावर बैठका घेत राहाल, तोवर तिसराही अंक जाईल. 1556 साली जुन्या गोव्यात आलेला छापखाना आणि 1832 पासूनचे पणजीचे ग्रंथालय यांचा अभिमान आपण प्रत्येक व्यासपीठावरून सांगतो, आणि आपल्याच पेटीतली वही वाळवीला देतो. देणगीच्या पैशांतून आधी स्कॅनर घ्या आणि सगळे इंटरनेटवर टाका.

डिचोलीकर सभासद:

पहिल्या अर्ध्या भागाशी मी पूर्ण सहमत आहे, दुसऱ्याशी नाही. कॉपीराइट कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीनुसार, नफ्यासाठी न चालणाऱ्या सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःजवळ असलेल्या कृतीची जतनासाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ठेवता येते, सर्वांसाठी खुली करता येतेच असे नाही. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून 60 वर्षे राहतो, आणि कधी छापलेच न गेलेल्या वहीची गोष्ट आणखी गुंतागुंतीची. सुदैवाने आपली गावे लहान आहेत: नाटककाराचा नातू चार घरे सोडून राहतो, त्याच्याकडून दोन ओळींचे संमतिपत्र घेणे अवघड नाही. ते घेऊनच पुढे जावे. शिवाय स्कॅन केलेल्या फाइलला नाटकाचे नाव, लेखक, प्रयोगाचे वर्ष अशी नोंद जोडली नाही, तर माळ्यावरच्या ढिगाऐवजी हार्ड डिस्कमधला ढीग तयार होतो. नोंद पुन्हा आलीच.

वडिलांची वाचक, काणकोण:

माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहाने गेली. आयुष्यभर ते दर शनिवारी दोन पुस्तके आणत. आता पाने स्कॅन करा असे कुणी म्हणाले, की मला सांगावेसे वाटते की पानाचे छायाचित्र हे त्यांच्यासाठी कोऱ्या पानासारखेच आहे. पडदावाचक सॉफ्टवेअरला युनिकोडमधला मजकूर लागतो, आणि जुन्या, फुटक्या खिळ्यांच्या देवनागरी छपाईची अक्षरओळख यंत्र अजून धड करत नाही, जोडाक्षरांवर तर हमखास अडखळते. अंध वाचकांसाठी सुलभ प्रती करण्याची मुभा देणारा माराकेश करार 2013 मध्ये झाला आणि त्याला मान्यता देणारा पहिला देश 2014 मध्ये भारत ठरला. 2016 पासून सुगम्य पुस्तकालय, म्हणजे अशा सुलभ पुस्तकांचे ऑनलाइन ग्रंथालय, चालू आहे. आमच्या तालुक्यातल्या वाचनालयात मी याविषयी विचारले, तेव्हा तिथे कुणी हे नावही ऐकले नव्हते. सहा टॅबलेट नकोत, हे तुम्ही सगळ्यांनी सहज ठरवून टाकलेत. मला एक हवा आहे, त्यात मराठी बोलणारा आवाज बसवून हवा आहे, आणि तो घरी नेता आला पाहिजे.

डिचोलीकर सभासद:

ताई, हा मुद्दा माझ्या मनात आला नव्हता, हे कबूल करतो. बैठकीत मी असे मांडणार आहे: टॅबलेट एकच, तोही घरी देण्यासाठी, ई-पुस्तकांची वर्गणी नाही, उरलेल्या रकमेतून एका जाणकार व्यक्तीला मानधन, दोन बाह्य डिस्क आणि एक स्कॅनर. यादीची सुरुवात मात्र दाखल क्रमांक 1 पासून न करता नाटकांच्या पेटीपासून करू, कारण सत्तरीकरांसारखी पेटी आमच्याकडेही आहे आणि कसरही. टंकलेखनाला माणसे कमी पडतील. अभ्यासिकेतल्या मुलांनी आठवड्याला दोन तास दिले, तर वाचनकक्षाची वेळ रात्री नऊपर्यंत वाढवावी, असा ठराव मी स्वतः मांडेन.

अभ्यासिकेतली विद्यार्थिनी, मडगाव:

माझी अभ्यासिका मडगावची असल्याने तुमच्या ठरावाचा मला लाभ नाही, पण हाच सौदा मी आमच्या ग्रंथपालांपुढे ठेवणार आहे. माझी अट एवढीच की यादीत आवृत्तीचे वर्ष ठळक दिसले पाहिजे. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली, आणि आमच्या स्पर्धा परीक्षांच्या कपाटात पुढच्या रांगेत अजून जुन्या दंड संहितेचीच मार्गदर्शके उभी आहेत. काल एका मुलाने त्यातलेच एक घरी नेले.