अनुभव धागा: आपल्याच सोसायटीत, आपल्याच पेठेत ध्यानाचा वर्ग घेताना

पुण्यात सोसायटीच्या हॉलमध्ये, वाड्याच्या माडीवर, ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत ध्यान शिकवणारे इथे बरेच जण आहेत. नव्याने सुरू करू पाहणाऱ्यांना तेच तेच प्रश्न पडतात, म्हणून हा धागा. ध्यानाने आयुष्य कसं बदललं हे इथे नको. काय करायचं, किती, कसं आणि कुठे बिनसतं, तेवढं लिहा.

कोथरूड
जागेपासून सांगतो. हॉलसाठी चिटणिसांच्या नावे लेखी अर्ज द्या. त्यात वार, वेळ, माणसं किती, बाहेरचे येणार का आणि त्यांच्या गाड्या कुठे लागणार हे स्पष्ट असू द्या. तक्रार ध्यानाबद्दल कधीच येत नाही, पार्किंगबद्दल येते. परवानगी समितीच्या इतिवृत्तात नोंदवून घ्या, नाहीतर समिती बदलली की सगळं पहिल्यापासून.

वर्ग ठरवण्याआधी त्याच वेळी हॉलमध्ये अर्धा तास नुसतं बसून बघा. टाकीचा पंप किती वाजता लागतो, कुठल्या पंख्याचा खडखडाट होतो, शेजारच्या स्वयंपाकघरात कुकर कधी चढतो, हे तेव्हाच कळतं. पंपाची वेळ वॉचमनशी बोलून पंधरा मिनिटं पुढेमागे करता येते, कुकरची येत नाही.

सदाशिव पेठ
बैठकीवर सविस्तर लिहिते, कारण निम्मे लोक गळतात ते मनामुळे नाही, गुडघ्यांमुळे.

सपाट सतरंजीवर मांडी घातली की कंबर मागे ढकलली जाते, पाठीला पोक येतो आणि दहा मिनिटांत मान भरून येते. मग शिक्षक म्हणतो ‘ताठ बसा’. माणूस छाती पुढे काढतो आणि त्याचा श्वास अडखळतो. हे शब्द वापरूच नका. घोंगडीची घडी करून ३ ते ४ इंचांची उंची फक्त बैठकीखाली द्या, मांड्या त्याच्या पुढे उतरू द्या. गुडघे कमरेच्या हाडापेक्षा खाली आले की पाठ आपणहून उभी राहते. गुडघा अधांतरी राहत असेल तर त्याखाली टॉवेलची गुंडाळी. फोमची गादी नको, ती दबते आणि वीस मिनिटांत उंची निघून जाते.

पाय बधिर होतो कारण एका पायाची टाच दुसऱ्या मांडीखाली रुतते. दोन्ही पावलं एकापुढे एक जमिनीवर ठेवायला सांगा. मुंग्या आलेल्या माणसाला लगेच उठू देऊ नका, पावलाला जमीन कळत नाही आणि घोटा मुरगळतो. आधी पाय लांब करून दोन मिनिटं थांबवा.

गुडघा बदललेल्यांना मांडी नाही, वज्रासन तर नाहीच. त्यांना खुर्ची. आपल्याकडच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांची बैठक मागे उतरती असते, म्हणून मागच्या बाजूला टॉवेलची घडी घालून ती सपाट करा. पावलं टेकत नसतील तर खाली पाट. खुर्चीवर बसणाऱ्यांना मागच्या रांगेत पाठवू नका, फार लागतं ते माणसाला. पतंजलींच्या सूत्रातली आसनाची अट स्थिर आणि सुखकर एवढीच आहे, त्यात पद्मासनाचं नावही नाही.

कर्वेनगर
आवाज आणि शब्द. नवखा शिक्षक शांततेला घाबरतो आणि बोलत राहतो. एक सूचना द्या, मग स्वतःचे पाच श्वास मोजा, मगच पुढची. फोनवर रेकॉर्ड करून ऐका, आपण किती बोलतो ते लगेच कळतं.

पहिल्या आठवड्यासाठी १२ मिनिटं पुरे. दोन मिनिटं आजूबाजूचे आवाज ऐकणं. दोन मिनिटं उच्छ्वास थोडा लांबवणं. सहा मिनिटं नाकपुडीशी श्वास आणि प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, १ ते १०, मग परत १. मोजणी २३ वर गेली तर मन भटकलं होतं हे कळलं, बस, परत १. शेवटची दोन मिनिटं बोटं हलवणं, तळहात, डोळे.

‘रिलॅक्स व्हा’ म्हणू नका, त्यात करण्यासारखं काही नाही. ‘जबडा सैल सोडा, जीभ खाली टेकू द्या’ हे करता येतं. ‘खोल श्वास घ्या’ सुद्धा जपून. काही जण भात्यासारखे श्वास ओढतात, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठ-बोटं झिणझिणतात, चक्कर येते. मग त्याला कुंडलिनी म्हणायला लोक तयारच असतात. तोंड मिटून, नाकाने, हलका श्वास आणि लक्ष तळपायांवर, एवढ्याने ते उतरतं.

शिक्षकाने डोळे मिटायचे नाहीत. तुमचं ध्यान घरी, पहाटे. वर्गात तुमचं काम बघण्याचं आहे: कुणाचे खांदे कानाला लागलेत, कुणाचा श्वास थांबतोय, कुणाच्या डोळ्यांतून पाणी येतंय. शेवट फोनच्या गजराने करू नका, काशाची वाटी लाकडी दांडीने एकदा वाजवा.

धनकवडी
शिकवताय काय, हे आधी ठरवा. दहा दिवसांचं विपश्यना शिबिर करून आल्यावर ती गल्लीत शिकवता येत नाही. गोएंका गुरुजींच्या परंपरेत आचार्य नेमले जातात आणि फी घेतली जात नाही. घरी सामूहिक साधना ठेवता येते, पण शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच. नामांकित संस्थांच्या क्रियांचंही तसंच, त्यांचं प्रशिक्षण आणि परवानगी लागते. श्वास मोजणं, शरीराकडे क्रमाने लक्ष नेणं, सावकाश चालणं हे कुणा एकाचं नाही. त्यातलं एकच घ्या आणि किमान दोन महिने तेच चालवा. दर आठवड्याला नवीन प्रकार दिला तर कुणाचंच काही मुरत नाही.

खराडी
रात्री साडेआठचा वर्ग आयटीवाल्यांसाठी. अडचण एकच, झोप. पोटभर जेवून येऊ नका हे आधीच कळवा. ट्यूबलाइट पूर्ण बंद करू नका, डोळे अर्धे उघडे, नजर जमिनीवर तीनेक फुटांवर. तरी डुलक्या येत असतील तर उभं राहून ध्यान. शवासन शेवटी ठेवलं की घोरणं ठरलेलं.

जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये अमेरिकेत सुरू केलेल्या, ध्यानाने ताण कमी करण्याच्या अभ्यासक्रमाचा ८ आठवड्यांचा साचा नोकरदारांना पटतो, कारण त्याला शेवट असतो.

सहकारनगर
मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करते, म्हणून हे कळकळीने. पहिल्या दिवशी प्रत्येकाशी एकट्याने बोला: रक्तदाब, मधुमेह, गरोदरपण, फिट्स, मानसिक आजाराचं औषध. इन्शुलिन घेणाऱ्यांची साखर पहाटे उपाशीपोटी उतरू शकते, कपाटात साखर ठेवा. उच्च रक्तदाब, हर्निया, काचबिंदू, गरोदरपण असेल तर कपालभाती नाही.

श्वासाकडे लक्ष दिलं की काहींची घाबरगुंडी उडते. त्यांना डोळे उघडे ठेवून पावलं किंवा बाहेरचा आवाज द्या. ‘सहन करा, निघून जाईल’ म्हणू नका. अनेक रात्री झोप नाही, कानात आवाज, जगण्यात अर्थ नाही अशी भाषा, यातलं काही दिसलं तर ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवा. टेली मानस या मानसिक आरोग्याच्या मदतवाहिनीचा १४४१६ हा सरकारी क्रमांक हॉलच्या भिंतीवर लावा. आणि कुणाच्याही गोळ्या बंद करायला सांगू नका, कधीच नाही.

आपल्याच गल्लीत शिकवण्याची खरी जोखीम वेगळी आहे. वर्गात रडलेल्या काकू संध्याकाळी भाजीवाल्याकडे भेटतात. तिथे ‘आता बरं वाटतंय ना?’ हा प्रश्नसुद्धा नको. सासू-सून दोघी येत असतील तर एकीची प्रगती दुसरीला सांगायची नाही. ग्रुपवर ‘आज अमुक का आले नाहीत’ विचारायचं नाही. हा नियम पहिल्याच दिवशी मोठ्याने सांगा.

औंध
फी: फुकट ठेवलं की लोक गृहीत धरतात, असं माझं मत. हॉलचं भाडं आणि सतरंज्यांचा खर्च माणशी वाटून घ्या, महिन्याच्या सुरुवातीला. ज्याला जमत नाही त्याच्याकडून घेऊ नका आणि ते तिसऱ्याला कळू देऊ नका.

नारायण पेठ
ढोल-ताशांच्या सरावाचं कुणी लिहिलं नाही! गणपतीआधी महिना-दोन महिने नदीकाठच्या भागात संध्याकाळचा वर्ग चालत नाही. तो सकाळी सहाला हलवा आणि हे जूनमध्येच जाहीर करा. हलवता येत नसेल तर त्या काळात श्वासाऐवजी ध्वनीवर ध्यान घ्या, दोन ठोक्यांमधली जागा ऐकायला लावा, कारण त्या गजरात श्वास मोजायला सांगणं हा नवख्यांवर अन्याय आहे. उत्सवाचे दिवस सुट्टी. अनंत चतुर्दशीचा दुसरा दिवसही सुट्टीत धरा, विसर्जन मिरवणूक तेव्हा चालूच असते आणि पेठांतले रस्ते मोकळे झालेले नसतात.