चौथ्या राउंडला पंटर घ्यावा का? बेअर्सचा २०२४ चा ड्राफ्ट, सल्ला हवाय

शिकागोचा_निनाद
मंडळी, एनएफएल (अमेरिकन फुटबॉलची लीग) बघणाऱ्यांचा सल्ला हवाय. आम्ही इथले काही मराठी मित्र सीझन नसला की जुने ड्राफ्ट, म्हणजे टीमनी कॉलेजचे खेळाडू सात राउंडमध्ये पाळीपाळीने निवडायचा कार्यक्रम, परत खेळतो. प्रत्येकाला एक टीम, त्या वर्षी तिच्याकडे जे पिक (निवडीचे क्रमांक) होते तेवढेच हातात. प्रत्येक पिकवर खरा घेतलेला खेळाडू ठेवायचा, नाहीतर त्याच्यानंतर गेलेल्यांपैकी कुणीतरी घ्यायचा, आणि शेवटी ड्राफ्ट न झालेला एक जण उचलायचा. मग सगळ्यांसमोर का घेतला ते सांगायचं. यंदा २०२४ चा ड्राफ्ट आहे आणि माझ्याकडे शिकागो बेअर्स.

बेअर्सनी त्या वर्षी पाचच जण घेतले. १ ला केलेब विल्यम्स, ९ ला रोम ओडुन्झे, मग ७५, १२२ आणि १४४. पहिल्या दोघांना मी हात लावत नाही. अडलंय चौथ्या राउंडच्या १२२ वर, तिथे बेअर्सनी आयोवा विद्यापीठाचा पंटर (टीम अडली की बॉल लांब लाथाडून समोरच्यांना देणारा) टोरी टेलर घेतला होता. मला तो ठेवायचाय. आमच्या सोल्जर फील्ड स्टेडियमला लेकवरून वारा सुटला की बॉल कुठे जाईल सांगता येत नाही, तिथे भरवशाचा पाय असणं ही चैन नाही गरज आहे असं मला मनापासून वाटतं. पण ग्रुपमध्ये सगळे तुटून पडणार हेही दिसतंय. मुद्दे द्या, बाजूने किंवा विरोधात, दोन्ही चालतील.

ओहायोचा_सातारकर
नको रे. पंटर ड्राफ्ट न करता मिळतो. चौथ्या राउंडला लाइनमन (पुढच्या फळीतला) घे, दहा वर्षं खेळेल.

अनुजा_के
निनाद, मी विरोधात आहे आणि जरा सविस्तर लिहिते, कारण "पंटर घेऊन काय करायचंय" एवढ्यावर हा विषय संपवणं मला पटत नाही. चांगला पंटर मॅच फिरवतो, त्याबद्दल वादच नाही. प्रश्न एवढाच की तो मिळवायला पिक घालवावा लागतो का.

एक ढोबळ हिशोब कर. आजकाल एक टीम मॅचमागे साधारण चार पंट मारते, कोच फोर्थ डाऊनला (दहा यार्ड काढायच्या चौथ्या, शेवटच्या प्रयत्नाला) पंट न मारता खेळायला लागल्यापासून कमीच झालेत. १७ मॅचचे झाले ६८. आता तुझा पंटर सर्वसाधारण पंटरपेक्षा दर पंटला नेट (रिटर्न वजा करून) ३ यार्ड सरस आहे असं धर, आणि ३ म्हणजे भरपूर झाले हं. वर्षाचे २०४ यार्ड, मॅचमागे १२. म्हणजे एक फर्स्ट डाऊन (दहा यार्ड) आणि वर थोडं. हे काही शून्य नाही, पण असा फरक सातत्याने टाकणारे पंटर लीगमध्ये थोडेच, आणि ते कोण निघणार हे ड्राफ्टच्या दिवशी कुणालाच कळत नाही. खरी गोम इथेच आहे. ऑल-प्रोच्या (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या यादीच्या) पहिल्या टीममध्ये २०२१ ला एजे कोल, २०२२ ला टॉमी टाउनसेंड, २०२३ ला परत कोल. दोघंही ड्राफ्ट न झालेले! त्याआधी चार वेळा ऑल-प्रो झालेला रॅम्सचा जॉनी हेकर, तोही तसाच. आणि रायन स्टोनहाउस तर २०२२ ला ड्राफ्ट न होता टायटन्सकडे आला आणि पहिल्याच सीझनला सरासरी ५३.१ यार्ड मारून सॅमी बॉचा १९४० सालचा ५१.४ चा रेकॉर्ड मोडला. ८२ वर्षं टिकलेला रेकॉर्ड, आणि मोडणाऱ्याला सात राउंडमध्ये ३२ टीमपैकी एकीनेही बोलावलं नव्हतं.

उलट बाजूला २०१२ चे जॅग्वार्स. ७० ला पंटर ब्रायन अँगर घेतला, ७५ ला सीहॉक्सनी क्वार्टरबॅक (टीमचा हल्ला चालवणारा) रसेल विल्सन घेतला, तो पुढे स्टार झाला. अँगर वाईट अजिबात नव्हता, पुढे काउबॉइजकडून प्रो बोलला (निवडक खेळाडूंच्या मॅचला) गेला. पण त्या वर्षी जॅग्वार्स २ जिंकून १४ हरले आणि चार वर्षांनी अँगर दुसरीकडे. पंटर चांगला निघूनही पिक वाया गेला असं म्हणावं लागतं. त्यापेक्षा वाईट काय असणार?

पुण्याचा_रात्रपाळीवाला
अनुजाताई हिशोब छान मांडलात पण हा सरासरीचा हिशोब आहे हो, मॅच सरासरीवर जिंकत नाहीत. मी इथे पुण्यात रात्री साडेदहाला पहिली मॅच लावून बसतो आणि पहाटेपर्यंत जागतो, आणि दोन मॅच डोक्यातून जात नाहीत, दोन्ही जायंट्सच्या.

डिसेंबर २०१०, ईगल्सविरुद्ध शेवटच्या क्वार्टरला आठेक मिनिटं राहिलेली आणि जायंट्स ३१-१० पुढे. ईगल्सनी ३१-३१ केले. शेवटचे काही सेकंद राहिलेत, जायंट्सचा पंटर मॅट डॉज, नुकताच सातव्या राउंडला घेतलेला पोरगा, त्याला सांगितलेलं की बॉल बाहेर मार, ईगल्सचा रिटर्न करणारा डिशॉन जॅक्सन, त्याच्या हातात जाता कामा नये. स्नॅप (पंटरकडे मागे टाकलेला बॉल) जरा उंच आला, त्याने मारला तो सरळ मैदानात, सपाट. जॅक्सनच्या हातून आधी निसटला, त्याने उचलला आणि पळत सुटला तो एंड झोनपर्यंत (मैदानाच्या टोकाचा पट्टा, तिथे पोचलं की टचडाऊन). ३८-३१. कोच टॉम कॉफलिन मैदानात जाऊन त्या पोरावर ओरडले ते सगळ्या देशाने टीव्हीवर बघितलं.

पुढच्या वर्षी जायंट्सनी पंटर स्टीव्ह वेदरफोर्डला आणलं. फेब्रुवारी २०१२ चा सुपर बोल (सीझनची फायनल), त्याचा पहिलाच पंट पेट्रिअट्सच्या एंड झोनपासून ६ यार्डवर मरतो. त्यांचा क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी पहिल्याच प्लेला स्वतःच्या एंड झोनमध्ये उभा, दबाव आला म्हणून बॉल लांब फेकून दिला, तिथे कुणीच नव्हतं, झालं ग्राउंडिंग (तसं फेकण्याचा फाउल), आणि स्वतःच्या एंड झोनमध्ये म्हणून सेफ्टी. दोन पॉइंट आणि वर बॉल परत जायंट्सकडे. वेदरफोर्डचे त्या दिवशी तीन पंट १० यार्डच्या आत पडले आणि मॅच संपली २१-१७. मला सांगा त्या संध्याकाळी पंटर किती पॉइंटचा होता?

निनाद, घे रे टेलर. पाठीशी आहे मी.

अनुजा_के
रात्रपाळीवाले, वेदरफोर्डचं सगळं मान्य, तो पंट मीही विसरले नाहीये. पण डॉज ड्राफ्ट केलेला होता आणि वेदरफोर्ड नव्हता! वेदरफोर्ड २००६ ला ड्राफ्ट न होता लीगमध्ये आला, टीम बदलत बदलत शिकला आणि जायंट्सना आयता मिळाला. पंटरवर पैसे खर्च करा, चांगला दिसला की टिकवून ठेवा, सगळं करा. पिक देऊ नका. चांगला तयार पंटर वर्षाला ३०-४० लाख डॉलरच्या आसपास मिळतो, एनएफएलच्या हिशोबात हे किरकोळ आहेत.

बे_एरियाचे_काका
रेडर्सचा जुना माणूस आहे म्हणून लिहितो. रे गायचं नाव निघाल्याशिवाय हा विषय पुरा होणार नाही. १९७३, पहिला राउंड, २३ वा पिक. निव्वळ पंटरला पहिल्या राउंडला घेणं तोवर कुणी केलं नव्हतं. १४ सीझन खेळला, तीन सुपर बोल जिंकला, बॉल इतका वर लटकवायचा की १९७६ च्या प्रो बोलला सुपरडोमच्या छताला टांगलेल्या स्क्रीनवर जाऊन आदळला. हॉल ऑफ फेमने त्याला घ्यायला २०१४ उजाडवलं, याचा मला आजही राग आहे.

पण मुलांनो, त्याच रेडर्सनी २००० ला पाचव्या राउंडला शेन लेकलर घेतला आणि तो रे गायच्या तोडीचा निघाला. आणि कोल तर फुकटच मिळाला. एकाच टीमची तीन उदाहरणं आहेत, पहिला राउंड, पाचवा राउंड आणि काहीच नाही, आणि तिघंही अव्वल. त्यामुळे माझं मत अनुजाच्या बाजूला जास्त झुकतं.

मिशिगनची_वैदू
अजून एक गोष्ट कुणी बोललं नाही. कॉलेजचा पंट आणि एनएफएलचा पंट हा खेळच वेगळा आहे. कॉलेजमध्ये स्नॅप झाला की सगळी लाइन खाली पळू शकते, त्यामुळे पंटर रग्बीसारखा बाजूला धावत लोळवतो तरी चालतं, बॉलपाशी आठ जण पोचलेले असतात. एनएफएलमध्ये बॉलला पाय लागेपर्यंत फक्त टोकाचे दोघं गनर सुटू शकतात. म्हणून इथे हँगटाइम (बॉल हवेत राहण्याचा वेळ) लागतो, साडेचार सेकंद किंवा वर. नुसता लांब मारला तर रिटर्न करणाऱ्याला मोकळं रान. कॉलेजची सरासरी बघून ड्राफ्ट केलेले पंटर इथे येऊन अडखळतात ते म्हणूनच. ब्रेडन मॅनला कॉलेजच्या सर्वोत्तम पंटरचा रे गाय अवॉर्ड होता, जेट्सनी २०२० ला सहाव्या राउंडला घेतला, तीन वर्षांत सोडला. मग ईगल्सकडे जाऊन सुपर बोल जिंकला. शिकण्याचे पैसे एकाने भरले आणि फळ दुसऱ्याने खाल्लं.

ओहायोचा_सातारकर
होल्डरचं पण बोला की. पंटरच किकरचा (गोलवर मारणाऱ्याचा) बॉल धरतो बहुतेक टीममध्ये. डिसेंबर २०२३, टायटन्स-कोल्ट्स. टायटन्सचे दोन पंट ब्लॉक झाले, एकाचा तर सरळ टचडाऊन. दुसऱ्या वेळी स्टोनहाउसच्या पायाला लागलं आणि तो बाहेर. मग बॉल धरायला आला क्वार्टरबॅक टॅनेहिल, एक्स्ट्रा पॉइंट (टचडाऊननंतरची किक) हुकला, २५-२५, ओव्हरटाइममध्ये टायटन्स ३१-२८ ने हरले. ५३ जणांत पंटर एकच असतो, बदली कुणी नाही. पिक द्यायचा नाही हे माझं मत कायम आहे, पण पंटर बिनमहत्त्वाचा असं कुणी म्हणू नये.

शिकागोचा_निनाद
सगळ्यांचे आभार, भारी माहिती मिळतेय. एक नियम सांगायचा राहिला. समर्थन करताना एप्रिल २०२४ ला जे माहीत होतं तेवढंच बोलायचं, पुढचं नाही. म्हणजे केलेबने टेलरला "इथे तुला फार पंट मारावे लागणार नाहीत" असा मेसेज केला होता आणि मग सीझन ५ जिंकून १२ हरून गेला, टेलरला भरपूर काम मिळालं, हे मला वापरता येत नाही.

एप्रिलला टेलरबद्दल काय माहीत होतं तर तो मेलबर्नचा, आधी ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल खेळलेला. २०२३ ला आयोवासाठी ४,४७९ यार्ड पंट मारून १९३८ सालचा कॉलेजचा रेकॉर्ड मोडला, रे गाय अवॉर्ड मिळाला. आणि तो तिथे एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर होता, त्यामुळे बाकीच्या पोरांसारखे जाहिरातीत नाव वापरायचे पैसे घेता येत नव्हते. आपल्यातल्या कितीजणांना हे लगेच कळेल! मला तो आवडतो त्यात याचाही वाटा आहे. शिवाय वैदूचा हँगटाइमचा मुद्दा त्याला फारसा लागत नाही, तो उंचही मारतो. बेअर्सचा आधीचा पंटर ट्रेंटन गिल बेतास बात होता.

अनुजा_के
गिल कसा आला होता आठव. २०२२, बेअर्सनीच सातव्या राउंडला घेतलेला. म्हणजे तीन ड्राफ्टमध्ये दोनदा पंटरवर पिक. तुझ्या ग्रुपमधलं कुणीतरी हे काढणारच, उत्तर तयार ठेव.

आणि एप्रिलला जे माहीत होतं त्यातच माझा सगळ्यात मोठा मुद्दा बसतो. २०२२ ला रेव्हन्सनी पंटर जॉर्डन स्टाउटला चौथ्याच राउंडला घेतलं. तिथे जुना पंटर सॅम कुक १६ सीझन खेळून थांबत होता, किकर जस्टिन टकरसाठी बॉल धरणारा नवा माणूस हवा होता, आणि मुख्य म्हणजे त्या एका राउंडमध्ये रेव्हन्सकडे सहा पिक होते. सहा! पाच जणांनी भोकं बुजवली, सहाव्याचा पंटर घेतला, कुणाचं काय बिघडलं. बेअर्सचे सगळ्या ड्राफ्टमध्ये मिळून पाच. घरात पाच माणसांपुरतं पीठ असताना त्यातलं रांगोळीला काढत नाहीत. स्टाउट घेणं बरोबर होतं आणि टेलर घेणं चूक होतं असं मी म्हणेन, आणि दोघं सारखेच चांगले खेळले तरी म्हणेन.

सातव्या राउंडला पिक असता तर मीच तुला घे म्हटलं असतं. ड्राफ्ट संपला की न निवडलेला पंटर आपली टीम आपण निवडतो, जिथे जुना पंटर मुरलेला नाही तिथे जातो. तेव्हा शेवटचा पिक टाकून हवा तो पक्का करणं यात शहाणपण आहे. १२२ ला नाही.

पुण्याचा_रात्रपाळीवाला
रेव्हन्सचा मुद्दा बिनतोड आहे ताई. तरी मी टेलरच्याच बाजूने, पण निनाद, ग्रुपमध्ये याला उत्तर नाहीये माझ्याकडे.

शिकागोचा_निनाद
मग १२२ ला कोण? टॅकल (लाइनच्या टोकाचे लाइनमन) बघितले, पण ७५ ला टॅकल ठेवतोच आहे.

अनुजा_के
बकी अर्व्हिंग, ओरेगॉनचा रनिंग बॅक (बॉल घेऊन पळणारा). तो खरा गेला १२५ ला, बक्सकडे, टेलरनंतर तीनच पिक. एप्रिलला माहीत होतं ते असं: लागोपाठ दोन सीझन हजारावर यार्ड, २०२३ ला ५६ कॅच. उंचीने लहान आणि कंबाइनला (ड्राफ्टआधीच्या चाचणीला) धावला हळू, म्हणून घसरला. ग्रुप म्हणेल बेअर्सनी मार्चमध्ये रनिंग बॅक डिआंद्रे स्विफ्टला करार दिलाय, मग अजून एक कशाला. सांग की एका रनिंग बॅकवर १७ मॅच निघत नाहीत आणि पंटर माझ्या यादीत आहेच, फक्त खाली आहे.

आणि ड्राफ्टनंतरचा एक जो उचलायचाय, तिथे बीवाययूचा (ब्रिगहॅम यंग विद्यापीठाचा) पंटर रायन रेकाव घे. तो खराच ड्राफ्ट झाला नाही. नंतर बेंगल्सकडे त्याने ज्याची जागा घेतली तो ब्रॅड रॉबिन्स २०२३ ला सहाव्या राउंडला घेतलेला होता, पण हे बोलू नकोस, नियमात बसत नाही.

शिकागोचा_निनाद
टेलर सोडायला जीव होत नाही, पण पाचांतला एक याला माझ्याकडेही उत्तर नाही. १२२ ला अर्व्हिंग, शेवटी रेकाव. शनिवारी बसतोय सगळे, बक्स ज्याच्याकडे आहेत तो आमच्यातला सगळ्यात भांडकुदळ आहे, काय झालं ते रविवारी इथेच लिहितो. १४४ साठी एज रशर (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा) शोधतोय, तिथे खरा घेतलेला ऑस्टिन बुकर सोडून कुणी सुचत असेल तर शुक्रवारपर्यंत सांगा.