मराठवाड्यात राहून कर्करोग संशोधन: सुरुवात कुठून करावी?

बालाघाट: एम.एस्सी. बायोटेक झालं आहे. जिल्ह्याच्या ठिकाणच्या कर्करोग रुग्णालयात प्रकल्प सहायकाची जागा मिळते आहे. तिथे सिक्वेन्सर (डीएनएचा क्रम वाचायचं यंत्र) नाही, पेशी वाढवायची सोय नाही. पॅथॉलॉजी लॅब, रेकॉर्ड रूम आणि कर्करोग नोंदणी (भागातल्या प्रत्येक कर्करोग रुग्णाची नोंद ठेवायचं काम), एवढंच. यावर पीएच.डी.पर्यंत जाता येईल का? की मुंबईच गाठावी?

केसपेपर: ताई, नोंदणीला ‘एवढंच’ म्हणू नका. बार्शीची ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ पासून चालू आहे. बार्शी, परांडा, भूम तालुक्यांतली गावं तिच्यात येतात. बार्शीचं कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा आणि फ्रान्समधल्या लिऑंची आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा काय उपयोग होतो ते पाहणारी चाचणी (ट्रायल) घेतली. गावांचे ५२ गट, ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका. २००९ साली निकाल आला: एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) तपासणी एकदाच झालेल्या गटात या रोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या मानानं, जवळपास निम्म्यावर. एवढं मोठं उत्तर मिळालं ते गावोगावच्या पक्क्या नोंदींमुळे.

पहिले सहा महिने आयसीडी-ओचे कोड (कर्करोगाची जागा आणि प्रकार लिहायचे आंतरराष्ट्रीय कोड) आणि नोंदणीचं सॉफ्टवेअर कॅनरेग५ शिका, ते फुकट आहे. चुका ठरलेल्या जागी होतात. गुदाशयाचा कर्करोग यकृतात पसरलेला असतो, केसपेपरवर ‘यकृतात गाठ’ एवढंच असतं, आणि सी२० (गुदाशय) ऐवजी सी२२ (यकृत) पडतो. एकच बाई एकदा माहेरच्या, एकदा सासरच्या नावानं येते आणि दोन केसेस होतात. जन्मतारीख १ जून दिसली की ती शाळेच्या दाखल्यावर अंदाजे टाकलेली समजा. वय मोठ्या मुलाच्या वयावरून पडताळा.

पीएच.डी.चा विषय फॉलोअपमध्ये, म्हणजे उपचारानंतर रुग्णाचं पुढे काय झालं याच्या माहितीत, आहे. घरी दगावलेला रुग्ण ओपीडीत परत येत नाही. त्याला जिवंत धरून कॅप्लान-मायर (किती रुग्ण किती काळ जगले ते दाखवणारा आलेख) काढलात तर तो खोटा चांगला दिसतो.

पॅराफिन: पॅथॉलॉजी लॅबमधल्या ब्लॉकच्या (मेणात बसवलेल्या गाठीच्या तुकड्यांच्या) कपाटाकडेही बघा, पण आधी आजचे ब्लॉक नीट बनताहेत का ते पाहा. फॉर्मॅलिन १० टक्के, न्यूट्रल बफर्ड, ऊतीच्या दहापट. बफर नसेल तर ते आम्ल होतं आणि डीएनए तुटतो. ऊतीत ते ताशी साधारण १ मिलिमीटर शिरतं, म्हणून अख्खं स्तन न कापता बरणीत टाकलं तर मधला भाग सडतो. ५ मिलिमीटरच्या चकत्या करा. स्तनाच्या गाठीवरच्या ईआर, पीआर, हर२ या (उपचार ठरवणाऱ्या) तपासण्यांसाठी ऊती फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास. गाठ काढल्याची आणि फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची वेळ फॉर्मवर हवीच. मधलं अंतर तासाच्या आत. हा रकाना तुम्ही सुरू केलात तर पाच वर्षांनी ते ब्लॉक कुठल्याही मोठ्या लॅबला हवेसे वाटतील. जुन्या ब्लॉकवर पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती काढायची पद्धत) करायचा तर, त्यातला डीएनए तुटलेला असल्यामुळे, तुकडा १००-१५० बेसचाच ठेवा.

परवानगी: वरच्या दोन्ही कामांना एथिक्स कमिटीची मंजुरी आधी, माहितीला हात नंतर. जुन्या ब्लॉकसाठी संमतीतून सूट मागता येते, पण ती कमिटीच देते. रुग्णांवरची चाचणी (ट्रायल) असेल तर पहिला रुग्ण घेण्यापूर्वी सीटीआरआयवर, म्हणजे भारतातल्या अशा चाचण्यांच्या सरकारी नोंदवहीत, नोंदणी. १ एप्रिल २०१८ पासून मागाहून नोंदणी होत नाही. रुजू होण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्या: गाइडला कुठल्या विद्यापीठाची मान्यता आहे, आणि पेपरवर तुमचं नाव कितवं असेल.

बालाघाट: खूप आभार. फॉलोअप फोनवर चालेल का?

केसपेपर: चालतो, पण फोन बहुधा मुलगा किंवा शेजारी उचलतो. त्याला रोगाचं नाव सांगायचं नाही. ‘दवाखान्यातून बोलतोय, आजींची तब्येत कशी आहे?’ इतकंच विचारा आणि थांबा. पुढचं घरचेच सांगतात. तीन वेगवेगळ्या वेळी लावून, त्यातला एक संध्याकाळी सातनंतर, नंबर लागला नाही तर त्या गावच्या आशाताईंकडे चौकशी करा. तारीख मात्र ‘दिवाळीनंतर गेल्या’ अशी लिहू नका, ग्रामपंचायतीच्या मृत्यू नोंदीतून घ्या.