कथा सुचते कुठून तुम्हाला?

पावसाळी_ढग: लिहायला बसलं की डोकं ब्लँक होतं. कुठून आणता तुम्ही कथा? प्लीज "निरीक्षण करा" एवढंच सांगू नका, ते सगळेच सांगतात

खारीमूठ: अगं आपल्याकडेच बघ ना, व्यंकटेश माडगूळकरांची बनगरवाडी कादंबरी (१९५५), त्यांनी स्वतः माणदेशात मास्तरकी केलेली, त्यातूनच तो मास्तर आणि धनगरांची वाडी आली, आणि अण्णाभाऊ साठेंच्या कादंबरीतला फकिरा तर त्यांच्याच मुलखातला खराखुरा बंडखोर. मोबाईल ठेव आणि घरातल्या म्हाताऱ्यांना बोलतं कर आधी

रात्रपाळी: सगळं अनुभवातूनच यायला पाहिजे असं थोडीच आहे? नारायण धारपांनी भयकथांसाठी लव्हक्राफ्ट, स्टीफन किंग या अमेरिकन भयकथालेखकांवरून बरंच घेतलं पण वाडे, माणसं अस्सल मराठी. फक्त प्रेरणा आणि ढापणं यात फरक ठेव, नाहीतर लोक धुतात :)

सुपारी: मी पेपरातल्या जाहीर नोटिसा वाचते. "माझ्या मुलाशी माझा यापुढे काहीही संबंध नाही, त्याच्याशी व्यवहार करू नये"... चार ओळी, पण आधी घरात काय काय झालं असेल? तिथून सुरू करायचं. नावं बदल मात्र

पावसाळी_ढग: नोटिसांचं भारीये!! रद्दी द्यायची थांबवते आता