१९८४ ची पद्मिनी गोठ्यात पडून आहे, सुरुवात कुठून करू?

कोरेगावकर:
नमस्कार मंडळी. सासऱ्यांची प्रीमियर पद्मिनी वाड्यामागच्या गोठ्यात उभी आहे. ते गेल्यापासून तिला कुणी हात लावलेला नाही, वर कडबा रचलेला. चारही टायर बसलेत, मागचं एक चाक जाम आहे, टाकीचं झाकण काढलं तर जुन्या वार्निशचा भपकारा. बॉनेटखालची वायर उंदरांनी कुरतडलीय. मेव्हणा म्हणतो, नवी बॅटरी आणू, सेल्फ मारू, लागली तर लागली. सासूबाईंचं एकच म्हणणं, भंगारात द्यायची नाही. मी शाळामास्तर, स्कूटरचा प्लग बदलण्यापलीकडे काही येत नाही. सुट्टीत घरीच करायचा विचार आहे. जमेल का?

टॅक्सीचा फिटर:
मास्तर, जमेल. आधी मेव्हण्याला बॅटरीपासून लांब ठेवा.

आमची हयात फियाटच्या (पद्मिनी म्हणजे फियाटच) टॅक्सीखाली झोपून गेली, म्हणून सांगतो. इंजिन १०८९ सीसीचं, साधं. ते मागाहून बघू. पहिलं काम ब्रेकचं. चारही चाकांना ड्रम आहेत, म्हणजे ब्रेकचे गोल डबे. हँडब्रेक खाली करा, ॲडजस्टर ढिला करा आणि ड्रमला गोल फिरत लाकडी हातोडीने ठोका. आतला शू, म्हणजे ड्रमला आतून घासणारी ब्रेकची पट्टी, चिकटलेला असतो, सुटतो. आतली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. शूवरच्या जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. व्हील सिलिंडर (चाकातला) आणि मास्टर सिलिंडर (ब्रेक पेडलने दाबला जाणारा), दोन्हींची रबरं सगळी नवी घाला, एकही जुनं ठेवू नका. चाकाजवळचे रबरी पाइपसुद्धा बदला. बाहेरून धडधाकट दिसतात, आतून फुगून बंद झालेले असतात. मग ब्रेक दाबला की चाक धरतं आणि सोडतच नाही. आणि ब्रेक ऑइलच्या जागी इंजिन ऑइल ओतणारे महाभाग मी पाहिलेत. त्याने रबर फुगतं. ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उचलतं.

मग इंजिन. चारही प्लग काढा, भोकांतून थोडं डिझेल आणि इंजिन ऑइल सोडा आणि चार-आठ दिवस विसरून जा. नंतर प्लग बाहेरच ठेवून गाडी चौथ्या गियरमध्ये टाका, दोघांनी हळूहळू पुढे-मागे डोलवा. पंखा हलला, म्हणजे इंजिन फिरलं, की जिंकलात. हलला नाही तर जोर लावू नका, पुन्हा तेल सोडा. पिस्टन चिकटलेला असताना सेल्फ मारला की रिंग तुटते आणि शंभराचं काम हजारांवर जातं.

टाकी उतरवून रिकामी करा. जुनं पेट्रोल कार्बोरेटरकडे जाता कामा नये, त्याच्या जेटमध्ये, म्हणजे बारीक भोकांत, डिंक होऊन बसतं. वायरिंगला इन्सुलेशन टेप गुंडाळत बसू नका, कुरतडलेला तुकडा पूर्ण बदला. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी नको, कूलंट घाला. हेड, म्हणजे इंजिनचा वरचा भाग, ॲल्युमिनियमचं आहे, खारं पाणी ते खातं.

गुहागरची:
काकांनी सगळं सांगितलं, पत्र्याचं राहिलं. मॅट उचलून फ्लोअरला स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. आमच्या कोकणात बाहेरून चकचकीत गाडीचा फ्लोअर आतून जाळी झालेला असतो. तुमच्याकडे हवा कोरडी, पण गोठ्यातलं शेण-मूत्र पत्र्याला वाईटच. दुसरं म्हणजे हल्ली पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल असतं. फ्युएल पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचिक पडदा) आणि पेट्रोलच्या नळ्या त्याला चालतील अशाच घ्या. गाडी उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नका.

कोरेगावकर:
चाक सुटलं! मेव्हणाच ठोकत बसला होता. रबरं कुठे मिळतील? आणि कागद सासऱ्यांच्याच नावावर आहेत, त्याचं काय करायचं?

टॅक्सीचा फिटर:
कुर्ल्याला सी.एस.टी. रोडवर विचारा. गाडीही कुर्ल्यातच बनलेली. ऑक्टोबर २०२३ ला मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी वयोमर्यादेने उतरली, तेव्हा टॅक्सीवाला गिऱ्हाईक संपला. तरी जुन्या दुकानदारांकडे माल असतो. जुना सिलिंडर सोबत न्या, नुसतं नाव सांगून चुकीचा गळ्यात मारतात.

कागदांसाठी आरटीओत आधी वारसाच्या नावावर करण्याचा फॉर्म ३१, मग नोंदणी नूतनीकरणाचा फॉर्म २५. गाडी तपासणीला दाखवावी लागते आणि तिथे साहेब पहिला ब्रेकच बघतात. जुन्या गाडीचा ग्रीन टॅक्स वेगळा. टायर मात्र नक्षी शिल्लक असली तरी नवेच घाला. जुन्यांच्या कडेला बारीक चिरा पडलेल्या असतील, नखाने दाबून बघा.

कोरेगावकर:
चिरा आहेत, नख आत जातंय. टायर नवेच घेतो. शनिवारी मास्टर सिलिंडर घेऊन कुर्ल्याला निघतोय, मेव्हणाही सोबत.