मदत हवी आहे : डॉ. कोटणीसांची समाधी आणि शिजियाझुआंग परिसर

नमस्कार. एप्रिलच्या सुरुवातीला मी सोलापूरच्या माझ्या वडिलांना घेऊन बीजिंगला जाणार आहे. तेथून जलदगती रेल्वेने तासा-सव्वा तासावर असलेल्या शिजियाझुआंग येथे दोन-तीन दिवस राहण्याचा विचार आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्या समाधीचे दर्शन घ्यावे, ही वडिलांची फार जुनी इच्छा आहे. काँग्रेसने 1938 मध्ये चीनला पाठवलेल्या पाच डॉक्टरांपैकी ते एक होते. 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी त्यांचे तिकडेच निधन झाले. शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात त्यांची आणि चीनमध्येच सेवा करताना निधन पावलेले कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून यांची समाधी आहे.

औषधे आणि कापडाच्या कारखान्यांचे हे शहर पर्यटकांना कंटाळवाणे वाटते, असे सर्रास लिहिलेले आढळते. मला मात्र त्याच्या जन्माची कथाच रंजक वाटते. विसाव्या शतकाच्या आरंभी येथे एक लहानसे खेडे होते. बीजिंग-हानकौ हा स्टँडर्ड गेज मार्ग आणि तायुआनकडून येणारा मीटरगेज मार्ग तेथे एकमेकांना मिळाले. रुळांची रुंदी वेगळी असल्यामुळे शान्शी प्रांताचा (तायुआन ही त्याची राजधानी) कोळसा येथे उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागे, आणि त्या चढउतारीच्या जोरावर शहर वाढत गेले. या रेल्वेकाळाच्या खुणा आज कोठे पाहता येतात?

खरा प्राचीन ठेवा शहराबाहेर आहे. उत्तरेला झेंगदिंग येथील लाँगशिंग मंदिरात सोंग राजवटीच्या आरंभी (दहाव्या शतकात) ओतलेली, वीस मीटरहून उंच अशी अवलोकितेश्वर बोधिसत्त्वाची कांस्यमूर्ती आहे. आग्नेयेला झाओझोऊचा, सुमारे 1400 वर्षांपूर्वीचा एका कमानीचा दगडी पूल आहे. दोन्ही ठिकाणे विरुद्ध दिशांना असल्याने ती एकाच दिवसात उरकण्याची घाई करू नये, असे मला वाटते. वडील सत्तरी ओलांडलेले असून त्यांना जिने फारसे झेपत नाहीत. मंदिरात चालणे किती पडते आणि पुलापर्यंत जाण्यासाठी दिवसभराची गाडी ठरवणे सोयीचे होईल का, हे कृपया सांगावे.

आणखी दोन शंका आहेत. एप्रिलच्या आरंभी येणाऱ्या छिंगमिंग सणाला चिनी लोक पूर्वजांच्या समाध्यांवर जातात. त्या दिवसांत स्मारकात गर्दीमुळे दर्शन अवघड होते का, की फुले वाहण्यासाठी तोच काळ योग्य आहे? तसेच, मांस आणि अंडी वर्ज्य असलेल्या माणसाची जेवणाची सोय तेथे कशी होते? बीजिंग किंवा शांघायचे नव्हे, याच शहराचे अनुभव असल्यास अधिक उपयोग होईल.