मेडिक्लेमचा हप्ता झेपेना, पॉलिसी ठेवावी की सोडावी? (गोवा, वय 72 आणि 66)

कवळे_फोंडा :
नमस्कार मंडळी. वेर्ण्याच्या एका खाजगी कंपनीतून निवृत्त झालो, त्यामुळे पेन्शन म्हणजे ईपीएफची, तीन हजारांच्या आतली. बाकी घर चालते ते ठेवींच्या व्याजावर. आम्हां दोघांची मिळून पाच लाखांची फ्लोटर पॉलिसी आहे, 2009 पासून एकदाही खंड नाही. 2021 साली हप्ता 29 हजार होता. गेल्या डिसेंबरात 52 हजार भरले. या सप्टेंबरात (2025) आरोग्य विम्यावरचा जीएसटी काढला तेव्हा वाटले, चला, आठ हजार तरी हातात राहतील. आता नूतनीकरणाची नोटीस आली ती 48,500 ची. कर गेला आणि तरी साडेतीन हजारच कमी झाले, हे कसे?

मुलगा पुण्याला असतो. त्याचे म्हणणे असे की सत्तरीवरच्यांना आता केंद्राच्या आयुष्मान योजनेचे पाच लाख मिळतात, गोवा सरकारचे दीनदयाळ आरोग्य कार्ड आहे, बांबोळीला गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेजचे सरकारी इस्पितळ) आहे, मग एवढे पैसे का घालायचे? पण हिला मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत, मला 2017 साली स्टेंट घातलेला. एकदा पॉलिसी सोडली की या वयात पुन्हा कोण दारात उभे करील? ज्यांनी यातून वाट काढली आहे त्यांनी कृपया सांगावे.

माणकुराद :
काका, घाईने सोडू नका. आईचे सत्तरीवरचे कार्ड मीच मोबाइलवर आधार घालून काढले, काम सोपे आहे. पण ते कार्ड फक्त तिच्यापुरते. बाबा 68 चे आहेत, ते त्यात बसत नाहीत. तुमच्या मुलाच्या हिशोबात नेमकी हीच गोष्ट राहिली आहे. काकू 66 च्या. त्यांना पाच लाखांतला एक रुपयाही मिळणार नाही, आणि औषधे तर त्यांनाच जास्त.

विमा_जुना_कारकून :
मी पणजीत एका विमा कंपनीत आयुष्य काढले, आता निवृत्त आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आज गोव्यात घराघरात आहे आणि लोक रागाच्या भरात पॉलिसी बंद करताहेत. ते पाहून जीव तुटतो.

आधी तुमचा हिशोब. 52 हजारांत मूळ हप्ता सुमारे 44 हजार आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आठ हजार. 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आणि फ्लोटर पॉलिसींवर तो शून्य झाला. मात्र 44 हजारांवर कंपनीने 10 टक्के वाढ लावली की होतात साडेअठ्ठेचाळीस. तुमची नोटीस बरोबर त्याच आकड्याची आहे. हे 10 टक्के कुठून आले? 30 जानेवारी 2025 ला इर्डाने, म्हणजे विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या संस्थेने, आदेश काढला की साठीवरच्यांचा हप्ता वर्षाला 10 टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायचा असेल तर कंपनीने आधी इर्डाशी बोलले पाहिजे. आदेश चांगला होता, त्याआधी तर एका वर्षात दीडपट झालेले हप्ते मी पाहिले आहेत. पण वरची मर्यादा म्हणून घातलेली रेघ बऱ्याच ठिकाणी दरवर्षीचा दर होऊन बसते. दरवर्षी 10 टक्के धरले तर सात वर्षांत हप्ता जवळजवळ दुप्पट होतो. तुम्ही 79 चे व्हाल तेव्हा 48 चे 95 हजार झालेले असतील. म्हणून या वर्षी जमवले एवढ्याने भागणार नाही, पॉलिसीची रचनाच बदलायला हवी.

2024 च्या एप्रिलपासून इर्डाने नियम सुधारले ते ग्राहकाच्या बाजूचेच होते. नवी पॉलिसी घेण्यासाठीची 65 वयाची अट गेली. जुन्या आजारांसाठी थांबायची मुदत चार वर्षांवरून जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. पॉलिसी सलग पाच वर्षे चालली की 'तुम्ही आजार लपवला होता' असे म्हणून कंपनी क्लेम नाकारू शकत नाही, फसवणूक सिद्ध केली तरच. आधी ही मुदत आठ वर्षांची होती. कंपन्यांनी यातला वाढीव धोका हप्त्यात घातला. सुधारणेचा फायदा सगळ्यांना आणि बिल म्हाताऱ्यांना, असे झाले आहे, आणि हे मला अजिबात पटत नाही. तरीही नियम तुमच्या बाजूचा आहे तो वापरा. 2009 पासूनची तुमची पॉलिसी या अर्थाने सोन्याची आहे. मधुमेह, रक्तदाब, स्टेंट, सगळ्याच्या मुदती केव्हाच संपल्या. ती सोडलीत आणि उद्या नवी घेतलीत तर काकूंचा मधुमेह पुन्हा तीन वर्षे बाहेर राहू शकतो. स्टेंटवाल्याला नवी पॉलिसी देताना बऱ्याच कंपन्या नकारच देतात. वय हे कारण आता राहिले नाही, आजार हे कारण राहिले आहे.

आता करायचे काय. फ्लोटरचा हप्ता घरातल्या मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो. म्हणजे 66 च्या काकूंसाठी तुम्ही 72 चा दर भरताहात. कंपनीला लेखी विचारा की फ्लोटर फोडून दोघांच्या वेगळ्या पॉलिसी करून मिळतील का, जुन्या वर्षांची गणना कायम ठेवून. काकूंची पाच लाखांचीच ठेवा. तुमची तीन लाखांवर आणा, कारण तुम्हांला आयुष्मानचे पाच लाख वेगळे मिळणार आहेत. खाजगी पॉलिसी असली तरी ते कार्ड मिळते. रक्कम कमी केली म्हणून जुनी वर्षे जात नाहीत. मात्र पुढे कधी परत वाढवलीत तर वाढीव रकमेला मुदत नव्याने लागेल. दोन वेगळ्यांची बेरीज कधीकधी फ्लोटरपेक्षा जास्तही निघते, म्हणून दोन्ही आकडे हातात आल्याशिवाय सही करू नका.

को-पे घेतला तर हप्ता बराच खाली येतो. 20 टक्के को-पे म्हणजे दोन लाखांच्या मंजूर क्लेममध्ये 40 हजार तुमच्या खिशातून. तेवढी ठेव बाजूला असेल तर हा मार्ग वाईट नाही. खोलीच्या भाड्याची मर्यादा मात्र स्वीकारू नका. लोक ते कलम वाचतच नाहीत. समजा मर्यादा दिवसाला 5 हजारांची आणि तुम्ही 8 हजारांची खोली घेतली, तर फक्त 3 हजारांचा फरक भरून सुटका होत नाही. डॉक्टरची फी, ऑपरेशन थिएटर, नर्सिंग हे सगळे त्याच प्रमाणात कापले जाते. दोन लाखांचे सव्वा लाख मिळतात. औषधे आणि शरीरात बसवलेली उपकरणे यांना ही कात्री लागत नाही, हे बिल तपासताना लक्षात ठेवा.

सुर्ल_सत्तरी :
वरचे वाचून पुष्कळ कळले, देव बरें करूं. आमच्याकडे खाजगी विमा कधी नव्हताच. बाबांना पहाटे छातीत दुखले, वाळपईच्या आरोग्य केंद्रात ईसीजी काढला आणि 108 ने थेट बांबोळीला. अँजिओप्लास्टी झाली, पैसे भरावे लागले नाहीत. काकांच्या मुलाला गोमेकॉवर एवढा भरवसा वाटतो तो उगीच नाही. हृदयाच्या झटक्याला मी तरी दुसरीकडे जाणार नाही.

पण घाई नसलेल्या शस्त्रक्रियेचे वेगळे. गुडघा, मोतीबिंदू, हर्निया यांना सरकारी इस्पितळात तारीख मिळेपर्यंत थांबावे लागते, आणि ज्याला पायरी चढता येत नाही त्याला थांबणे म्हणजे काय ते घरच्यांनाच ठाऊक. कार्डाचा एक अनुभवही सांगते. एका खाजगी इस्पितळात ते दाखवले तर 'या उपचाराला इथे चालत नाही' म्हणाले. इस्पितळ यादीत असून भागत नाही, त्या यादीत तुमचा उपचार बसतो का तेही पाहावे लागते. आता आम्ही आधी आयुष्मानच्या 14555 या हेल्पलाइनवर फोन करून विचारतो, मगच गाडी काढतो.

माणकुराद :
अगदी खरे. आणि आयुष्मान भरती झाल्यावरच. आधीचे तीन दिवस आणि घरी सोडल्यावरचे पंधरा दिवस धरतात, पण महिन्याच्या गोळ्या, रक्ततपासणी, डॉक्टरला दाखवणे यातले काही नाही. दीनदयाळमध्येही तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाखच, चार किंवा जास्त असतील तर चार लाख. दोघांच्या घराला अडीच लाख हे काकूंच्या बाजूने थोडे बळ आहे, त्यावर सगळा भार टाकू नये.

बँकवाला_मडगाव :
आमचे दुखणे निराळे. आम्हां निवृत्त बँक कर्मचाऱ्यांची गट पॉलिसी असते, हप्ता आम्हीच भरतो. जीएसटीची माफी वैयक्तिक पॉलिसीला मिळाली, गट विमा त्यात धरलेला नाही. नोकरीत असताना बँक भरायची तेव्हा कोणाला फरक पडत नव्हता, आता 18 टक्के आमच्या पेन्शनमधून जातात. गट पॉलिसीत असलेल्यांनी 'विम्यावरचा कर गेला' या बातमीवर विसंबून राहू नये, नोटिशीतला कराचा रकाना उघडून बघावा. आणि जुनी करप्रणाली निवडत असाल तर विम्याच्या हप्त्यावर आयकरात 50 हजारांपर्यंत वजावट मिळते. नव्या प्रणालीत नाही.

कवळे_फोंडा :
सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला हे सगळे वाचायला पाठवले. त्यालाही हिच्या वयाची गोष्ट लक्षात आली नव्हती. दोन शंका आहेत. एक, माझ्या आधारवर जन्मतारीख 1953 ची आहे, पण पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीत नावाचे स्पेलिंग निराळे आहे आणि पॉलिसीवर तिसरेच. कार्डाला अडचण येईल का? दुसरी, दुसऱ्या कंपनीचा एजंट रोज फोन करतो, 'आमच्याकडे पोर्ट करा (म्हणजे पॉलिसी इकडे हलवा), 39 हजारांत देतो' म्हणतो. जावे का?

विमा_जुना_कारकून :
आयुष्मानला वय आधारवरचे धरतात, जन्मनोंद मागत नाहीत, त्यामुळे ते कार्ड होईल. पॉलिसीवरचे नाव मात्र या नूतनीकरणातच आधारप्रमाणे दुरुस्त करून घ्या. आपल्याकडे 1961 पूर्वी जन्मलेल्या कितीतरी जणांची नावे एक्सने किंवा क्यूने लिहिलेली आहेत, आणि भरती झाल्यावर टीपीएच्या (कंपनीच्या वतीने क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या) खिडकीवर ते उलगडत बसणे म्हणजे घरच्यांचे हाल.

पोर्टिंगला जुनी वर्षे सोबत जातात, हे खरे. पण नवी कंपनी आजार पाहून नकार देऊ शकते, आणि तुमच्या स्टेंटमुळे तशी शक्यता मोठी आहे. 39 हजारांत खोलीची मर्यादा, को-पे, मोतीबिंदूची मर्यादा यातले काय दडले आहे ते एजंटकडून लेखी मागा. तोंडी काहीही मान्य करू नका. पोर्ट करायचेच ठरले तर मुदत संपायच्या दीडेक महिना आधी अर्ज जायला हवा, म्हणजे या डिसेंबरला उशीर झालाच आहे. नव्या कंपनीची लेखी मंजुरी हातात येईपर्यंत जुनीचे नूतनीकरण थांबवू नका.

पॉलिसी फोडण्याचा अर्ज शाखेत स्वतः नेऊन द्या, पोच घ्या, ईमेलही करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा समाधान झाले नाही तर विमा लोकपालाकडे जाता येते. गोवा पुणे कार्यालयाखाली येतो, फी नाही, वकील लागत नाही, वर्षाच्या आत तक्रार गेली पाहिजे. अर्जात काकूंची जन्मतारीख, पॉलिसी पहिल्यांदा घेतल्याची तारीख आणि 'प्रतीक्षा कालावधीची जुनी गणना कायम ठेवावी' हे वाक्य नक्की घाला. कच्चा मसुदा करून इथे टाका, नाव आणि पॉलिसी क्रमांक झाकून. मी रात्री पाहून दुरुस्त्या सुचवतो.